तारीख आली म्हणून फेज संपत नाही

'वॉटरफॉल प्रोजेक्टचे दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट पाडा, मुदत संपली की फेज बंद करा, प्रोजेक्ट लांबणारच नाही' अशी एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. (वॉटरफॉल म्हणजे सॉफ्टवेअरचं काम रिक्वायरमेंट, म्हणजे काय हवं ते ठरवणं, मग डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग अशा एकामागून एक फेजमध्ये करायची पद्धत; स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा छोटा तुकडा.) मी ती सोडून दिली होती. पण परवा भाचीने पाठवली. पहिल्यांदाच प्रोजेक्ट लीड झालीये, आणि खाली विचारलंय, 'मावशी, सोमवारपासून असंच करू का?' नको गं बाई!

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते: 'मुदत संपली की काम डन समजा आणि पुढच्या फेजला लागा.' हे मी स्वतः भोगलंय. आमच्या रिक्वायरमेंट शीटमध्ये 40 ओळी होत्या. शुक्रवारी मुदत संपली तेव्हा 9 ओळींसमोर 'नंतर ठरवू' लिहिलेलं. तरी साइन-ऑफ, म्हणजे मंजुरीची सही, झाला, डिझाइन सुरू. त्या 9 पैकी एक ओळ अशी: ऑर्डरमधली एकच वस्तू रद्द केली तर पैसे किती परत करायचे? उत्तरच नव्हतं, म्हणून डेव्हलपरने रद्द म्हणजे अख्खी ऑर्डर रद्द असं धरून चालवलं. हे उघडकीला आलं थेट यूएटीमध्ये, म्हणजे क्लायंट स्वतः वापरून तपासतो त्या चाचणीत, क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांनी बघितलं तेव्हा. मग टेबल बदला, कोड बदला, टेस्ट केस पुन्हा लिहा. आणि प्लॅनमध्ये प्रत्येक फेज वेळेत संपलेली!

ज्या स्क्रम नावाच्या छोट्या तुकड्यांत काम करायच्या पद्धतीतून हा स्प्रिंट उचललाय, त्याची 2020 ची गाइड तरी उघडून बघायची. 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये, म्हणजे काम पूर्ण कधी म्हणायचं याच्या ठरलेल्या व्याख्येत, न बसणारं काम रिलीज करणं सोडाच, रिव्ह्यूमध्ये दाखवायचंही नाही, ते परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे बाकी कामांच्या यादीत, जातं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. टाइमबॉक्समध्ये, म्हणजे अशा बांधलेल्या मुदतीत, तारीख पक्की असते आणि स्कोप, म्हणजे किती काम करायचं ते, मागेपुढे होतो. वॉटरफॉलमध्ये स्कोपवर आधीच सह्या झालेल्या असतात. दोन्ही आवळून धरलं की मार खाते ती क्वालिटी, आणि टीमची झोप.

पोस्टमधला पुढचा मुद्दा: 'तुकडे पाडले की उशीर होत नाही.' दुसऱ्या टीमचा एपीआय, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरशी आपलं जोडायचा दुवा, पाचव्या आठवड्यात मिळणार असेल, तर तो तिसऱ्यात कुठून येणार? क्रिटिकल पाथ, म्हणजे एकमेकांवर अवलंबून कामांची सगळ्यात लांब साखळी, तेवढाच राहतो.

आणखी एक मुद्दा: 'वॉटरफॉलमध्ये मागे फिरायचंच नसतं.' ज्यांच्या नावावर ही पद्धत खपवली जाते, त्या संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनीच 1970 च्या लेखात अशी सरळसोट पद्धत धोक्याची आणि अपयशाला आमंत्रण देणारी म्हटलीय.

राहता राहिलं 'दर दोन आठवड्यांनी आढावा घ्या'. हे मात्र मान्य करावं लागेल. तीन महिन्यांच्या फेजमध्ये दोन महिने सगळं 'नव्वद टक्के झालंय' असतं. छोट्या मुदतीत ते झाकून राहत नाही. प्रोटोटाइप किंवा रिक्वायरमेंटच्या मीटिंगा, म्हणजे जी कामं लांबवावीत तेवढी लांबतात, त्यांना तर मुदत घालावीच.

भाचीला कळवलंय: आढावा दोन आठवड्यांनी घे, पण फेज बंद कर ती एक्झिट क्रायटेरिया, म्हणजे फेज संपवायच्या आधीच ठरवलेल्या अटी, पूर्ण झाल्यावरच. आणि 'नंतर ठरवू' असलेल्या प्रत्येक ओळीसमोर कोण ठरवणार, कधीपर्यंत, हे लिहून घेतल्याशिवाय साइन-ऑफ मागू नकोस.