शेवट बदलला की मूल्य बदलतं

‘प्रत्येक साहित्यकृतीतलं मूल्य विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे’ हे एका लेखात वाचलेलं विधान मला अजिबात पटलं नाही. यात विषय आणि मूल्य यांची सरळ गल्लत झाली आहे. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं १८७९ चं ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक घ्या. लग्न आणि स्त्रीचं स्वातंत्र्य हा झाला विषय. नाटक कुणाच्या बाजूनं उभं आहे, ते नायिका नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून, दार ओढून घेऊन बाहेर पडते तेव्हा ठरतं. १८८० मध्ये जर्मनीतल्या प्रयोगासाठी नायिकेचं काम करणारी अभिनेत्री मुलांना सोडून जायला तयार होईना, म्हणून इब्सेनला नाइलाजानं दुसरा शेवट लिहावा लागला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि घरातच राहते. विषय तोच, मूल्य पार उलटं!

वरच्या वर्गांना शिकवताना मी हे दोन्ही शेवट समोरासमोर ठेवते. मग गाइडमधली पाठ केलेली वाक्यं मागे पडतात आणि मुलं तावातावानं भांडू लागतात. एका विद्यार्थिनीनं तर नवरा नोराला ‘चंडोल’, ‘खार’ म्हणतो त्या सगळ्या जागा अधोरेखित करून आणल्या होत्या. गुण द्यायचे तर असल्या वाचनाला द्या, मग तिचा निष्कर्ष आपल्याला पटो वा न पटो.