धरून ठेवलेली पाकिटे

गेल्या रविवारपासून आमच्या सोसायटीतील लोक माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहू लागले आहेत, आणि ज्या गुन्ह्यासाठी पाहतात तो मी केलेला नाही.

सोसायटीचा मानद खजिनदार या नात्याने देखभाल खर्चाचा हिशेब मी माझ्या जुन्या संगणकावर मारियाडीबी या माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी, कोणीही सांगितलेले नसताना, त्या संगणकाची उबुंटू ही कार्यप्रणाली २०.०४ वरून २२.०४ या नव्या आवृत्तीवर नेण्याची मला बुद्धी झाली. शेवटी 'कालबाह्य पॅकेजेस (म्हणजे प्रोग्रॅमचे बसवण्याजोगे गठ्ठे) काढून टाकू का?' असे विचारण्यात आले, मी टापटिपीच्या भरात 'होय' म्हणालो आणि केराबरोबर मारियाडीबीचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हरही गेला. हिशेब जागच्या जागी होता. तो उघडणारे कोणी उरले नव्हते.

पुन्हा बसवायला गेलो, तर सर्व्हर म्हणे की मला लिबएसएसएल १.१, म्हणजे ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या संचाची जुनी आवृत्ती हवी, आणि २२.०४ मध्ये तर ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आल्यामुळे १.१ चे नावही उरलेले नाही. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातील (पॅकेजेस जिथून उतरवली जातात त्या साठ्यातील) मारियाडीबी १०.६ बसवावी, तर माझे दप्तर १०.११ ने लिहिलेले. नव्याने लिहिलेले जुन्याच्या हाती देऊ नये, एवढे शहाणपण शाबूत होते. या सगळ्या तक्रारींच्या तळाशी एपीटीने, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या उबुंटूच्या कारभाऱ्याने, इंग्रजीत ठपका ठेवला होता : 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस.'

नेमके याच क्षणी शेजारचे काका वर्तमानपत्र मागायला आले. काका अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून कोणताही कागद शेवटच्या ओळीपासून वाचायचा, ही त्यांची नोकरीतली सवय अजून सुटलेली नाही. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ती ओळ दोनदा वाचली.

"अरे, हा तर सरळसरळ तुझ्यावर आरोप आहे. मोडकी पाकिटं तू धरून ठेवली आहेस."

"काका, पाकिटं नव्हेत, पॅकेजेस. आणि मी काहीही धरलेलं नाही."

"मग तसं लेखी दे."

लेखी द्यायचे कोणाला, हे विचारण्याच्या भानगडीत न पडता मी एपीटी-मार्क शोहोल्ड ही आज्ञा दिली. बदलू नये म्हणून धरून ठेवलेल्या प्रत्येक पॅकेजचे नाव ती छापते. तिने काहीही छापले नाही. "बघा, कोरं!" मी विजयाने म्हणालो. "कोरा कागद म्हणजे माहिती दडवली," काका म्हणाले.

त्यांना दुसरीकडे वळवावे म्हणून मी सांगितले, की मायएसक्यूएल या तशाच प्रोग्रॅमचे नाव त्याचे एक जनक मॉन्टी विडेनियस यांच्या माय नावाच्या मुलीवरून आले, तर २००९ साली त्यातूनच फुटून निघालेल्या मारियाडीबीला त्यांच्या धाकट्या मारियाचे नाव मिळाले, आणि या दोघींचे सर्व्हर उबुंटूवर एकत्र बसवता येत नाहीत. काका हे ऐकून कमालीचे खूश झाले. "एका बापाच्या लेकी आणि एका घरात नांदत नाहीत! मग वाटणीपत्र कर ना." यावर त्यांनी चहा घेतला, वाटणीच्या तीन जुन्या प्रकरणांची हकीकत सांगितली आणि वर्तमानपत्र घेऊन ते गेले.

मला मात्र त्या वाक्याचा राग अजून आहे. काहीही रोखलेले नसताना, दोन पॅकेजेसचे एकमेकांशी जमत नाही एवढ्याच कारणावरून एपीटी वर्षानुवर्षे हेच वाक्य माणसाच्या तोंडावर फेकत आले आहे. 'मला मार्ग सापडत नाही' असे म्हणण्यात कोणता कमीपणा होता? मार्ग याला सापडेना, आणि दोषी ठरलो मी.

रात्री दीड वाजता कारण सापडले. मारियाडीबीच्या भांडाराची ओळ अद्ययावतीकरणात बंद झाली होती आणि मी तिच्या आरंभीची चौकट-खूण (#, जिच्यामुळे ओळ बंद राहते) पुसून ती तशीच पुन्हा चालू केली होती, त्यामुळे २२.०४ च्या घरात २०.०४ साठी बांधलेली पॅकेजेस मागवली जात होती. 'फोकल' (२०.०४ चे टोपणनाव) हा एक शब्द खोडून तिथे 'जॅमी' (२२.०४ चे) लिहिले, यादी ताजी केली, आणि पाच मिनिटांत हिशेब उघडला. एका शब्दापायी माझा शनिवार गेला, हे सांगण्याचीही सोय नाही, कारण तो शब्द मीच तसा ठेवला होता.

रविवारी सभेत ताळेबंद वाचायला मी उभा राहिलो, तोच काका माझी पाठराखण करायला उठले. "खजिनदारांनी काल काही मोडकी पाकिटं धरून ठेवली होती," ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पण मी स्वतः पाहिलं आहे, रजिस्टरवर एकही नोंद नाही."

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हातातली पर्स बंद केली आणि शांतपणे विचारले, "पाकिटं कोणाकोणाची होती?"