मांडवगडची पन्हळ आणि आमचं गटार

मागच्या ऑगस्टात मध्य प्रदेशातल्या मांडवगडला जाऊन आलो. तिकडचे लोक मांडू म्हणतात. धारहून वर चढलं की विंध्याच्या पठारावर अख्खं शहर ओसाड पडलंय. गाईडने पहिल्या वाक्यापासून रूपमती-बाजबहादूर लावलं, म्हणजे इथला सुलतान आणि त्याची लाडकी राणी. १५६१ साली अकबराचा सरदार आदमखान चालून आला, बाजबहादूर पळाला, रूपमतीने विष घेतलं म्हणतात. वाईट वाटतं हो, पण दिवसभर तेच? सुलतान होशंगशहाच्या संगमरवरी कबरीपाशीही पठ्ठ्या फिरून रूपमतीवरच आला. पुढे हा गड धारच्या पवारांकडे आला, त्यांचं मात्र नावही काढलं नाही. मराठी गिऱ्हाईक समोर असून!

मला तिथे भुलवलं ते पाण्याने. माथ्यावर नदी नाही. जे यायचं ते आभाळातून, तेही तीन-चार महिने. तेवढ्यावर सुलतानांनी राजधानी चालवली. मुंज आणि कपूर या दोन तलावांमध्ये जहाज महाल उभा आहे. लोक त्याच्यापुढे सेल्फी काढत होते, मी गच्चीवर उकिडवा बसलो. तिथे चकलीसारखी वेटोळी पन्हळ आहे. पाणी सरळ न सोडता गोल गोल फिरवायचं, म्हणजे वेग मोडतो, गाळ मागे राहतो, निवळ तेवढं पुढे कुंडात. बोट फिरवून बघितलं तर वळणात बारीक रेती साठलेली. पाचशे वर्षं झाली, काम चालूच! चंपा बावडीला तर खालून तळघरं जोडलीत, उन्हाळ्यात गारव्याला.

आणि आम्ही? गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि मे महिन्यात आमच्या फोंड्यातल्या बिल्डिंगखाली टँकरसाठी बादल्यांची रांग. गच्चीवरचा पाइप थेट गटारात. मीटिंगमध्ये हौदाचा विषय काढला तर एकजण म्हणाला, 'पात्रांव (म्हणजे मालक), पावसाचें उदक कोण पितलो?' पिऊ नका हो, संडासात तरी ओता! याच फोंड्यात साफा मशिदीची चिऱ्याची तळी आहे, १५६० सालची, आदिलशाहीतली. तिच्यावरून आम्ही रोज स्कूटरी दामटतो.

परत आलो त्या रात्री धो धो कोसळत होता. बॅग जिन्यात ठेवली आणि पाइपच्या तोंडाखाली बादली धरली. भरली कधी ते कळलंच नाही.

पुढच्या मीटिंगला पन्हळीचा फोटो मोठा करून नेतोय. तो 'पात्रांव'वाला काय म्हणतो ते कळवतो.