जत्रेच्या पंच कमिटीस काही नम्र सूचना

सन्माननीय पंच मंडळी, कर्नाटकातल्या सीमाभागातील आपल्या गावच्या यंदाच्या जत्रेत ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या भारदस्त नावाखाली आपण जो रेकॉर्ड डान्स, म्हणजे ध्वनिमुद्रित सिनेगीतांवर बायकांचा नाच, ठेवला आहे, त्याला १८ वर्षांखालील मुले बसली तर कायद्याची अडचण येईल, अशी शंका शाळेच्या मास्तरांनी काढल्याचे कळते. आपण मुळीच घाबरू नये.

भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ वाचावे. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य केल्यास किंवा तसे गाणे म्हटल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पण त्यासाठी कोणाला तरी त्याचा त्रास व्हावा लागतो. ज्या मांडवात शिट्ट्या वाजतात, नोटा उधळल्या जातात आणि सातवीतला मुलगा चुलत्याच्या खांद्यावर बसून मोबाईलवर सगळे टिपतो, तिथे त्रास झाला म्हणून पुढे येणार कोण? कलम २९५ जरा कडक आहे. मुलाला अश्लील वस्तू विकली किंवा दाखवली तर पहिल्याच खेपेस ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा, नाचणारी बाई ही वस्तू नव्हे, हे एरवी आपल्याला न पटणारे तत्त्व त्या रात्रीपुरते मान्य करून टाकावे. (चुलत्याच्या खांद्यावर टिपलेला व्हिडिओ मात्र वस्तू ठरू शकतो. तो दुसऱ्या मुलाच्या मोबाईलवर गेला तर आपला संबंध नाही, असे आधीच ठरावात लिहून ठेवावे.)

चित्रपटगृहात ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठराच्या आतल्यांना दारातच अडवतात. आपल्या मांडवाला दारच नाही. सीमेपलीकडच्या, चंदगडकडच्या पाहुण्यांनी महाराष्ट्राच्या २०१६ च्या डान्सबार कायद्याची आठवण करून दिलीच, तर तो हॉटेल, उपाहारगृह आणि बार यांच्यापुरता आहे, असे सांगून त्यांना जेवायला बसवावे.

परवानगीच्या अर्जात भजन आणि भक्तिगीते लिहावीत. चुकूनही मराठी साहित्य संमेलन लिहू नये. मग पोलीस पहिल्या भाषणापासून बसून राहतात. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे झाल्यापासून फलकांवरही बारीक नजर असते, म्हणून अक्षरे मोजून घ्यावीत. वयाची अट छापली आहे का, हे विचारायला कोणी येणार नाही.

लहान मुलांना दिसत नाही अशी तक्रार दरवर्षी येते, म्हणून त्यांच्यासाठी स्टेजला लागूनच सतरंजी घालावी. मुलींना मात्र ९ वाजताच घरी धाडावे, त्यांच्यावर वाईट संस्कार होतात.