पाय आले का फोटोत?

आमच्या घराण्यात फोटो काढायला कारण लागतं. लग्न, बारसं, सोयरिकीचा बायोडाटा, आधार कार्ड, नाहीतर मग भिंतीवर लावून हार घालायला. ह्यात न बसणारा फोटो म्हणजे रिकामपणाचे उद्योग. आणि मी नेमका चाळिशीला टेकल्यावर लातूरच्या एका लग्नं काढणाऱ्या पोराकडनं त्याचा जुना डीएसएलआर घेतला, सोबत 18-55 ची लेन्स आणि वर एक 50 ची एफ 1.8, जी घेतल्याशिवाय माणूस फोटोग्राफर होतच नाही असं यूट्यूबवरचे सगळेच सांगतात.

अण्णांनी केवढ्याला विचारलं, मी निम्मी किंमत सांगितली. "एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या," अण्णा म्हणाले. निम्म्या किमतीतच दोन शेळ्या झाल्या होत्या त्यामुळं बायको नुसती हसली. तिला पूर्ण आकडा माहीत आहे आणि तेव्हापासून आमच्या घरात मी कुठल्याच भांडणात जिंकलेलो नाही.

आता कँडिड. म्हणजे माणसाला कळू न देता, तो आपल्या कामात असताना काढलेला फोटो. सगळे कोर्सवाले हेच सांगतात, नॅचरल क्षण पकडा. अहो पण आमच्याकडं क्षण पकडायला गेलं की क्षण उठून उभा राहतो. काकू भाकरी थापायलीय, चुलीचा उजेड तोंडावर, धूर, सगळं जमून आलंय, मी हळूच कॅमेरा वर केला की काकू पिठाचे हात मागं लपवून सावधानमध्ये उभी. "थांब रं, पातळ बदलून येते." तिकडं तव्यावरची भाकरी करपते आणि ते पण माझ्याच नावावर.

ही सवय लई जुनी असावी. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निझामाच्या राज्यात, आणि सहाव्या निझामाच्या दरबाराला राजा दीनदयाळांसारखा नावाजलेला फोटोग्राफर होता. आमच्या गावापर्यंत ते कधी आले नसतील, पण त्या काळच्या काचेच्या प्लेटींना उजेड लई लागायचा म्हणून माणसानं श्वास धरून हलायचं नाही, एवढा निरोप मात्र कसा कोण जाणे औसा तालुक्यापर्यंत पोचला आणि नंतर प्लेटी गेल्या, रोल गेले, मोबाईल आले तरी तो निरोप काही कुणी मागं घेतला नाही.

शिकायला मी सुरुवात उन्हाळ्यात केली कारण सुट्ट्या, आणि उजेडाची आपल्याकडं काय कमी. उन्हाळ्यात फोटोग्राफी शिकणाऱ्याला एक नियम फुकट मिळतो. कडक ऊन असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ 16 ठेवायचं (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, जेवढा असेल तेवढाच शटरचा, म्हणजे भोक उघडं राहायच्या वेळेचा, भागाकार, म्हणजे आयएसओ 100 ला सेकंदाचा शंभरावा भाग, बास, कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर बघायची पण गरज नाही. साहेबांच्या देशात ह्या नियमाला सूर्य शोधावा लागत असंल, आपल्याकडं एप्रिलमध्ये सकाळी दहा ते पाच हा नियम सोडून दुसरं काही चालतच नाही. तर गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, खाली आईनं अंथरलेलं जुन्या पांढऱ्या धोतराचं पान, वर पांढऱ्या कुरडया, कडंला सावलीची नक्षी. मला वाटलं हा आपला पहिला खरा फोटो. मी पालथा पडून, कोपरं भाजून घेत काढतोय, तर खालून आई, "तिथंच हायस तर कावळे हाकल." पुढचे तीन-चार दिवस माझी हौस म्हणजे कुरडयांची राखण होती, घरात सगळे म्हणायले की कॅमेरा घेतल्यापासून पोरगं कामाला लागलं.

आणि फोटो बघितले तर कुरडया राखाडी, कारण फुकटचा नियम सोडून मी सगळं मीटरवर सोडलं होतं. पांढऱ्याशुभ्र कुरडया अशा दिसायल्या जशा आठ दिवस धुळीत पडल्यात. ह्याचं कारण पुढं कळलं. मीटरवर सोडलं की कॅमेरा समोर काहीही असू दे, ते मधल्या करड्या रंगाचं आहे, पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के परत पाठवणारं आहे, असंच धरून चालतो. पांढरं दिसलं की म्हणतो, अरे उजेड लई झाला, कमी करा. काळं दिसलं की म्हणतो अंधार आहे, वाढवा. म्हणून पांढऱ्याला आपण हातानं प्लस एक करायचं, म्हणजे उजेड एक पायरी वाढवायचा, आणि काळ्याला मायनस एक, म्हणजे एक पायरी कमी. पुस्तकात वाचून मला हे कधीच कळलं नसतं, मला ते तात्यांच्या म्हशीनं शिकवलं.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, गावाकडं शेती बघतात. त्यांची मुऱ्हा म्हैस अशी काळी की रात्री गोठ्यात फक्त डोळे दिसतात. तिचा फोटो काढला तर ती राखाडी, मागचा कडबा पांढराफटक. तात्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितलं, मग म्हशीकडं बघितलं. "हिला भस्म फासलंस का रं?" मी समजावून सांगितलं, मीटर, करडा रंग, मायनस. सोयाबीनच्या भावाशी आयुष्य घातलेला माणूस, मायनस म्हटल्यावर त्यांना तोटाच ऐकू आला. "मायनस कामून? करायचंच तर प्लस कर की." मग मायनस एकवर काढून दाखवला. म्हैस काळीभोर आली. तात्या बराच वेळ गप्प. तेव्हापासून मी कशाचाही फोटो काढायलो, लिंबाचा, विहिरीचा, पोरांचा, की मागून आवाज येतो, "मायनस केलास का?"

देवणीचं बरं असतं. आमच्या भागातली ही गाई-बैलांची जात अंगानं काळी-पांढरी ठिपक्यांची, त्यामुळं दोन्हीची सरासरी मधल्या करड्यावर येते आणि कॅमेऱ्याला आपोआप जमतं. मराठवाड्यात फोटोग्राफी शिकणाऱ्यानं आधी देवणी बैल काढावा, आत्मविश्वास वाढतो.

महालक्ष्म्यांना तर वाटलं होतं आपला हात धरणारं कुणी नाही. ह्या घरातली एवढीच दोन माणसं अशी की कॅमेरा बघून ताठ होत नाहीत, कारण मुळातच उभ्या असतात, आणि डोळे मिटत नाहीत. पण मखराला भाच्यानं एलईडीच्या माळा सोडलेल्या. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खाते आणि असले स्वस्तातले दिवे त्यामुळं सेकंदाला 100 वेळा मिचमिचतात, डोळ्याला कळत नाही पण शटर जोरात ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. पट्टे घालवायला शटर 50 वर आणलं तर समोर पळणारी पोरं हलली. शेवटी फोटोत देव्या एकदम स्पष्ट आणि बाकी घरात भुतं फिरायलीत. आत्यानं तो फोटो बघून दृष्ट काढली, पोरांची नाही, घराची.

पण खरी परीक्षा वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांना सांगतो, मार्गशीर्षातल्या ह्या अमावस्येला अख्खं लातूर शेतात असतं, कलेक्टर सुट्टी देतात, शहरात चहाची टपरी पण उघडी सापडत नाही. शेतात कडब्याची कोपी करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, धपाटे, आणि ज्याला स्वतःचं शेत नाही त्याला तर दहा ठिकाणची बोलावणी. फोटोग्राफरला असा दिवस वर्षात दुसरा नाही. थंडीचं तिरपं ऊन, ज्वारी छातीएवढी, हरभरा हिरवागार, माणसं नव्या कपड्यांत.

मी एकाच फोटोची तयारी केली होती. पूजा झाली की 'ओलगे ओलगे' म्हणत कोपीभोवती फिरत आंबील शिंपडतात, ते थेंब हवेत असताना, मागून ऊन, शटर हजारावर, थेंब न् थेंब मोत्यासारखा. मी ज्वारीत गुडघ्यावर बसलेलो, पँटीत काटे. तात्या आले, जोरात ओरडत, हात वर गेला, आणि त्यांना कॅमेरा दिसला. थांबले. टोपी सरळ केली. हात तसाच वर धरून, छाती पुढं काढून, माझ्याकडं बघत म्हणाले, "घे."

थेंब केव्हाच ज्वारीत गेले होते. तो फोटो माझ्याकडं आहे, त्यात तात्या कुणालातरी शपथ देत असल्यासारखे दिसतात. त्यांना तो लई आवडतो, मोबाईलवर डीपी तोच आहे.

जेवणं झाल्यावर सगळ्या भावकीचा ग्रुप फोटो. तो 50 च्या लेन्सवर एफ 1.8 लाच निघाला कारण कोपीच्या सावलीत उजेड कमी आणि मला त्या लेन्सचा जरा अभिमान. आता 1.8 चं गणित असं की दोन मीटरवरनं काढलं तर पुढं-मागं मिळून वीतभर पण पट्टा स्पष्ट येत नाही. जरा मागं सरकलं तर हात-दीड हात मिळतो. पुढची रांग बायका-पोरांची, ती डोळ्यातल्या काजळासकट आली. मागच्या रांगेत थोरले काका, ते विरघळले. आणि थोरल्या काकांशी आमचं दोन वर्षांपासून बांधावरनं बोलणं कमी. फोटो फॅमिली ग्रुपवर पडला, अर्ध्या तासात त्यांच्या थोरल्या सुनेचा मेसेज, "मामंजींना मुद्दाम पुसलंय वाटतं." मग अण्णांना फोन. मग अण्णा मला. मी डेप्थ ऑफ फील्ड समजावून सांगायला लागलो की एफ 8 ला घेतलं असतं तर दोन्ही रांगा आल्या असत्या, उजेड कमी पडला असता तर आयएसओ वाढवला असता वगैरे, आणि अण्णा शांतपणे म्हणाले, "ते काय असंल ते तलाठ्यासमोर सांग." शेवटी पुढच्या रविवारी काकांच्या घरी जाऊन त्यांचा एकट्याचा फोटो काढून दिला, एफ 11, डोक्यावरच्या टोपीपासून मागच्या कॅलेंडरच्या तारखेपर्यंत सगळं स्पष्ट. बांधाचा विषय तेवढ्यापुरता मागं पडला. बांध तिथंच आहे.

आज्जीचं प्रकरण वेगळं. तिला भिंतीसाठी फोटो हवा होता आणि ती हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगते, आम्हालाच कसंतरी होतं. तिला भीती आजोबांच्या फोटोची. आजोबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता, मग कुणाच्यातरी लग्नातल्या फोटोतनं त्यांना कापून मोठं केलं, त्यात त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हात राहिला. चार बोटं आणि एक अंगठी. तो हात कुणाचा ते आजपर्यंत कळलेलं नाही. दरवर्षी पितृपक्षात आजोबांना हार घालताना त्या हाताला पण घातला जातो.

तर मी आज्जीला खिडकीजवळ बसवलं, बाजूनं मऊ उजेड, चेहऱ्याची एकेक सुरकुती, ब्लॅक अँड व्हाइट केला. मित्रांनी वाहवा केली, एक जण म्हणाला स्पर्धेला पाठव. आज्जीनं चष्मा लावून बघितला.

"ही कोण?"

"तूच की."

"मी गेल्यावर काळा-पांढरा लाव. जित्ती हाय तवर रंगीत काढ."

मग जरीचं पातळ, बोरमाळ, अंगणात प्लास्टिकची खुर्ची, भर दुपारी, कारण तिला तोंडावर ऊन पायजे होतं, आणि मागं ट्रॅक्टर. तात्यांनी ट्रॅक्टर आणून आडवा लावला. मी म्हटलं, आज्जी कमरेपर्यंत घेतो, भिंतीवर तसाच असतो. नाही म्हणाली. "पाय आले का फोटोत? पाय न्हाईत तर लोक म्हणतील आज्जी पांगळी हुती." पाय घेतले, ट्रॅक्टर घेतला, ट्रॅक्टरच्या चाकावर बसलेलं मांजर आपोआप आलं. मांजर तिनं ठेवायला लावलं. फ्रेम करून आता ती तिच्या पेटीत आहे, लुगड्यात गुंडाळून, सणासुदीला काढून बघते आणि म्हणते, "अजून तशीच दिसायले न्हवं का मी?"

ह्या सगळ्यात माझी कला कुठंय असं बायको विचारते. कला राहू द्या, ऑर्डरी मात्र संपत नाहीत. खरिपात तात्या म्हणाले चल, सोयाबीनची पीक पाहणी करू. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ही ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलच्या अ‍ॅपमधनं पिकाचा फोटो टाकायचा, जागेची नोंद त्यातच होते. मी सांगितलं हे मोबाईलनंच होतं, माझ्या कॅमेऱ्यानं नाही. तात्यांना हे काही केल्या पटेना. "सात-आठ हजाराच्या मोबाईलचा फोटो सरकारला चालतो अन् तुझा चालत न्हाई?" त्या दिवशी शेतातली सगळी माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघायली, ती दहावीला गणितात राहिलो तेव्हा बघितली होती.

म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी म्हशीचा फोटो सांगितला तेव्हा जरा बरं वाटलं. विकायची होती, उदगीरकडचं गिऱ्हाईक, व्हॉट्सअ‍ॅपवर चारी बाजूंनी फोटो मागितलेले. तात्यांच्या अटी पक्क्या, "कास स्पष्ट दिसाय पायजे. शिंगं कापू नको. अन् ते मागचं धूसर करत जाऊ नको, गोठा पण दिसू दे, त्येला कळू दे कसल्या घरातली म्हैस हाय." सकाळचं ऊन, एफ 8, म्हशीला आंघोळ घातलेली, मायनस एक. चारी पाय आले. इतका कडक फोटो मी आजवर काढला नसेल.

संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन, तात्यांनी स्पीकरवर टाकला.

"फोटो बघितले. पण म्हैस जरा जास्तच काळी दिसायली ओ. फिल्टर मारलाय का?"

"न्हाई ओ," तात्या म्हणाले, "पोरगं मायनसमधी काढायलंय."