आवळा द्यावा, कोहळा मागावा

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या बास्केटबॉल लीगमध्ये, तीस संघ आहेत. प्रत्येक संघाला एक जनरल मॅनेजर, त्याच्या हाताखाली आकडेमोड करणारी पोरं, खेळाडू हेरणारे स्काउट, वकील, डॉक्टर असा सगळा लवाजमा. एवढं असूनही कोणाला देऊन कोणाला आणावं हे त्या मंडळींना कळत नाही. ते तुम्हाला कळतं. डोंबिवलीत, सकाळी सातला, एका हातात टूथब्रश आणि दुसऱ्या हातात फोन धरून कळतं. तेव्हा एखाद्या बड्या खेळाडूच्या ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीची, अफवा आली की कसं वागावं, हे सांगण्याचं धाडस मी करतोय ते फक्त या पंथात नव्याने आलेल्यांसाठी. मुरलेल्यांनी उंटावरच बसून राहावं, शेळ्या आपोआप हाकल्या जातील.

अफवा कुठून आली हे विचारू नये. विचारलंत तर फार निराशा होते. अशी बातमी बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून निघते: पुढच्या कराराचा भाव चढवू पाहणारा खेळाडूचा एजंट, दुसऱ्या गिऱ्हाइकाला घाई करायला लावणारा, खेळाडू द्यायला निघालेला संघ, आणि घ्यायची ऐपत नसलेला, पण शत्रूला सौदा महागात पडावा अशी मनापासून इच्छा असलेला तिसरा संघ. तिघांच्याही बातमीत ‘सूत्रांकडून समजतं’ असंच लिहिलेलं असतं. ‘अमक्या संघानं चौकशी केली’ हे वाचलं की साखरपुडा झाला असं समजावं. बाकी एकोणतीस संघांना फोन करणं हे जनरल मॅनेजरचं रोजचंच काम आहे, त्यासाठीच त्याला पगार मिळतो, असले विचार मनात येऊ देऊ नयेत. बाजारात तुरी असल्या म्हणून काय झालं, घरातलं भांडण वेळेवर व्हायलाच हवं.

समोरचा संघ कट्टर प्रतिस्पर्धी असेल तर दोन मतं एकाच वेळी बाळगायची तयारी ठेवा. पहिलं, ते इतके मूर्ख आहेत की आपला हिरा आपल्याला देऊन टाकतील. दुसरं, ते इतके कपटी आहेत की हिरा देत असतील तर त्याच्या गुडघ्यात नक्की काहीतरी आहे. या दोन्हींत विसंगती दिसणारा माणूस चाहता नसतो, तटस्थ असतो. त्याला ग्रुपमधून काढा.

आता प्रत्यक्ष तोलामोलाकडे येऊ. एनबीएत खेळाडू पैसे मोजून विकत घेता येत नाही. युरोपातल्या फुटबॉलसारखी इतके कोटी द्या आणि न्या अशी सोय नाही. इथली पद्धत जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या आपसी बदलीसारखी आहे: गडचिरोलीचा साताऱ्यात यायचा असेल तर साताऱ्यातला कोणीतरी गडचिरोलीला जायला हवा, आणि दोघांची वेतनश्रेणी जुळायला हवी. सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या ठरलेल्या मर्यादेच्या, वर गेलेल्या संघानं पाच कोटी डॉलरचा माणूस मागितला तर साधारण तितक्याच पगाराची माणसं पलीकडे पाठवावी लागतात. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२३ च्या करारानंतर फार उधळ्या संघांना दोन-तीन लहान पगारांची बेरीज करून एक मोठा पगार जुळवणंही बंद झालं आहे. (फरक इतकाच की शिक्षक स्वतः अर्ज करतो. खेळाडूला ते फोनवर कळतं.)

पण नियम हा विषय तुमचा नाही. तुमचा विषय आहे ईएसपीएनचं ट्रेड मशीन. त्यात दोन संघ निवडा, नावं टाका, आणि पगार जुळले की ते सौदा वैध ठरवतं. एवढं झालं की स्क्रीनशॉट काढून ‘झालंच समजा’ असं लिहून पाठवा. पलीकडच्या संघानं हो का म्हणावं, हा प्रश्न ते यंत्र विचारत नाही. यंत्रापेक्षा आपण शहाणे आहोत असं दाखवायची गरज नाही.

देताना नेहमी तीन नग द्यावेत. एक तिशी उलटलेला, एक वर्षानुवर्षे ‘गुणी’ म्हणून ओळखला जाणारा, आणि एक ज्याचं नाव तुम्हालाही नीट उच्चारता येत नाही. तिघांचे गुण मिळवले की समोरच्या ताऱ्याहून जास्तच भरतात. कोर्टावर एका वेळी पाचच जण उतरतात, त्यामुळे तीन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही, ही तक्रार पलीकडचे लोक करतील. त्यांना सांगा, ‘तुम्हाला डेप्थ मिळतेय,’ म्हणजे राखीव फळी. आवळा कितीही सुकलेला असो, त्याला डेप्थ म्हटलं की कोहळा मागायला तोंड होतं.

एवढ्यावर ऐकलं नाही तर फर्स्ट राउंड पिक टाका, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडायचा हक्क. हे सगळ्यात सोपं, कारण २०३१ सालचा पिक हा आज माणूस नसतो. तो सध्या शाळेत कुठेतरी गणिताला कंटाळत असतो आणि तुम्हाला त्याचं तोंड बघावं लागत नाही. या बाबतीतले कुलदैवत म्हणजे क्लीव्हलँडचे एके काळचे मालक टेड स्टेपियन. त्यांच्या काळात संघानं पिक असे वाटले की लीगला १९८० च्या दशकात नियमच करावा लागला: लागोपाठच्या दोन वर्षांचे पुढचे फर्स्ट राउंड पिक देऊन मोकळं व्हायचं नाही. आजही त्याला स्टेपियन नियमच म्हणतात. नियमाला आपलं नाव लागणं हा मान चॅम्पियनशिप जिंकूनही मिळत नाही.

नियम आला की पळवाट आलीच. २०१३ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिन नेट्सनी आपल्याच अटलांटिक विभागातल्या बॉस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पियर्स आणले. गार्नेट ३७ वर्षांचा, पियर्स ३५ चा. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पिक दिले. मधलं २०१७ देता येत नव्हतं, म्हणून त्या वर्षी पिकची अदलाबदल करायचा हक्क देऊन टाकला. त्या दिवशी कोण जिंकलं? ब्रुकलिन, अर्थातच. दोन्ही नावं केवढी! तुम्ही त्या दिवशी असतात तर तुम्हीही ब्रुकलिनलाच कौल दिला असता, आणि तसाच द्यायचा असतो. पुढच्याच उन्हाळ्यात पियर्स वॉशिंग्टनला गेला, २०१५ च्या फेब्रुवारीत गार्नेट मिनेसोटाला परतला, आणि ब्रुकलिनच्या पदरी एका प्लेऑफ (बाद फेरीच्या) मालिकेतला विजय उरला. बॉस्टनला २०१६ च्या पिकवर जेलन ब्राउन मिळाला. २०१७ च्या अदलाबदलीतून पहिला क्रमांक आला, तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला आणि त्यावर जेसन टेटम उचलला. २०२४ चं विजेतेपद बॉस्टननं या दोघांच्या जोरावर जिंकलं. अकरा वर्षांनी लागलेला निकाल. तुमच्या ग्रुपला निकाल चार मिनिटांत लागतो, हे विसरू नका.

उरला २०१८ चा पिक, आणि तो तर जास्तच फिरला. २०१७ च्या मे महिन्यात क्लीव्हलँडनं ईस्टच्या, म्हणजे पूर्वेकडच्या गटाच्या, अंतिम मालिकेत बॉस्टनला ४-१ असं धुतलं. तीन महिन्यांनी त्याच क्लीव्हलँडनं आपला कायरी अर्विंग त्याच बॉस्टनला दिला. बदल्यात आयझेया थॉमस, जे क्राउडर, अँटे झिझिच आणि ब्रुकलिनचा हा पिक. थॉमसचं खुब्याचं दुखणं वैद्यकीय तपासणीत बघून क्लीव्हलँडनं नाक मुरडलं, तेव्हा बॉस्टननं वर एक सेकंड राउंड पिक घातला. मंडईत कोथिंबीर घालतात तसा. थॉमस क्लीव्हलँडकडून १५ सामने खेळला आणि फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला रवाना झाला. म्हणजे बॉस्टननं लुटलं? थांबा. २०१८ च्या प्लेऑफमध्ये अर्विंग गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरी बसला होता, आणि लेब्रॉन जेम्सनं एकहाती म्हणावी तशी बॉस्टनविरुद्धची सात सामन्यांची मालिका क्लीव्हलँडला जिंकून दिली. २०१९ मध्ये अर्विंग बॉस्टन सोडून कुठे गेला? ब्रुकलिनला. ब्रुकलिनच्या त्या पिकवर क्लीव्हलँडनं आठव्या क्रमांकावर कॉलिन सेक्स्टन घेतला, आणि २०२२ मध्ये डोनोव्हन मिचेलला आणताना तोच सेक्स्टन यूटाला गेला. यूटाच्या कारभारात तेव्हा कोण बसलं होतं? डॅनी एंज. २०१३ मध्ये तो पिक ब्रुकलिनकडून घेणारा, २०१७ मध्ये क्लीव्हलँडला देणारा बॉस्टनचा तोच गृहस्थ. आपलीच जुनी नोट नऊ वर्षांनी गल्ल्यात परत आलेली बघून त्यांना काय वाटलं असेल, देव जाणे.

ही सगळी हकीकत वाचून ट्रेडचा निकाल लगेच देऊ नये असा निष्कर्ष तुम्ही काढत असाल तर तुम्ही या खेळासाठी नालायक आहात. निकाल लगेचच द्यायचा. फक्त कसोटी एकच ठेवायची: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि सौदा पुरा झाला की तासाभरात बाब्या आणि कार्टं यांची अदलाबदल करायची. काल जो बचावात उभा राहत नव्हता तो आज ‘आक्रमणाचा भार एकटा उचलत होता बिचारा’. काल जो आपला प्राण होता त्याचं वजन आज वाढलेलं दिसतं.

वजनावरून लुका डॉन्चिच आठवलाच. त्याचं प्रकरण नवशिक्यांना फार गोंधळात टाकतं, कारण त्यात अफवाच नव्हती. दिवस २ फेब्रुवारी २०२५, आपल्याकडे रविवार, सकाळचे साडेदहा वाजून गेलेले. आदल्या दिवशी अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही हे ऐकून आपण धक्के पचवून बसलो होतो. आणि ईएसपीएनचे बातमीदार शम्स शरानिया यांची बातमी आली: डॅलसचा लुका लॉस एंजेलिस लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसकडे. सोबत मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा एकच फर्स्ट राउंड पिक. लोकांना वाटलं, शरानियांचं खातं हॅक झालं. वर्षभर ‘सूत्रांकडून समजतं’ वर विश्वास ठेवणारी माणसं खऱ्या बातमीला खोटी म्हणत होती! लुका पंचविशीतला, आठ महिन्यांपूर्वी डॅलसला अंतिम फेरीत घेऊन गेलेला. खुद्द त्याला झोपायच्या बेतात असताना फोन आला. डॅलसच्या चाहत्यांनी स्टेडियमबाहेर संघाचा जुना तारा डर्क नोवित्स्की याच्या पुतळ्याजवळ शवपेटी आणून ठेवली.

जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांचं म्हणणं असं की बचावानं विजेतेपदं मिळतात. बचावासाठी आणलेला डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी होऊन आत गेला. एप्रिलमध्ये लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला आला. सामन्याआधी त्याच्या आठवणींची चित्रफीत लागली, तो बाकावर बसून टॉवेलनं डोळे पुसत राहिला, आणि मग उठून त्यानं डॅलसवर ४५ गुण टाकले. प्रेक्षक आपल्याच संघाच्या घरात ‘फायर निको’ ओरडत होते. आता न्याय झाला म्हणावं, तर मे महिन्यात अवघ्या १.८ टक्के शक्यतेवर डॅलसला ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाची लॉटरी लागली आणि त्या वर्षीचा सगळ्यात गाजलेला नवखा कूपर फ्लॅग हाती आला. नोव्हेंबरमध्ये हॅरिसन यांना नारळ मिळाला. लॉटरीतला भाग्यवान माणूस आणि घरी गेलेला माणूस एकच. आता सांगा हा ट्रेड कोण जिंकलं. सांगा ना, तुमची चार मिनिटं सुरू झाली.

इथे एक मराठी धागा आहे. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत वाढलेले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाला लुका समोर असताना किंग्जनी मार्विन बॅग्ली घेतला, म्हणजे त्यांनी लुकाला गमवायला ट्रेडचीसुद्धा वाट पाहिली नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्यांनी किंग्ज आणि इंडियाना पेसर्सना वरळीच्या डोममध्ये खेळायला आणलं. भारतातले हे एनबीएचे पहिले सामने. मग २०२२ मध्ये याच दोन संघांनी टायरीस हॅलिबर्टन आणि डोमांटस सबोनिस यांची अदलाबदल केली. सबोनिस आला आणि किंग्ज सोळा हंगामांनंतर प्लेऑफमध्ये पोचले. हॅलिबर्टननं २०२५ मध्ये पेसर्सना थेट अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं. दोघांनाही काहीतरी मिळालं असा सौदा, म्हणजे भांडायला सगळ्यात गैरसोयीचा. अशा वेळी रणदिवे आडनावाच्या माणसाला शिव्या द्याव्यात की अभिमान बाळगावा, हे हॅलिबर्टनच्या त्या-त्या रात्रीच्या गुणांवर ठरवावं.

ट्रेडच्या डेडलाइनच्या रात्रीबद्दल दोन शब्द. फेब्रुवारीत, बहुधा गुरुवारी, न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी तीनला दुकान बंद होतं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीनंतरचा दीड वाजतो. पांघरूणात फोनचा उजेड कमी करून बसावं. एक अक्षर इकडचं तिकडे असलेल्या खात्यांवरच्या बातम्या आधी पुढे पाठवाव्यात, मग तपासाव्यात. दीडनंतरही बातम्या येत राहतात, कारण ठरलेले सौदे बाहेर यायला वेळ लागतो, तेव्हा सव्वादोनशिवाय झोपू नये. शुक्रवारी ऑफिसात डोळे लाल का, असं विचारलं तर कोणालाही न कळेल असं काहीतरी सांगावं. ‘सेकंड एप्रन’ म्हटलं तरी चालेल.

आणि सगळं जुळलं, सही झाली, संघानं स्वागताचं चित्र टाकलं, तरी जर्सी मागवू नका. २०११ च्या डिसेंबरात ख्रिस पॉल लेकर्सचा झालेला होता. पण न्यू ऑर्लिन्सचा संघ तेव्हा लीगच्याच मालकीचा होता, आणि कमिशनर डेव्हिड स्टर्न यांनी ‘बास्केटबॉलच्या कारणांसाठी’ सौदा मोडला. आठवड्याभरात पॉल लॉस एंजेलिसलाच आला, फक्त क्लिपर्सकडे, तेव्हा त्याच इमारतीत खेळणाऱ्या शेजाऱ्यांकडे. २०२५ मध्ये लेकर्सनी शार्लटचा मार्क विल्यम्स घेतला आणि दोन-तीन दिवसांत वैद्यकीय तपासणीवर बोट ठेवून परत पाठवला. बदल्यात गेलेला डाल्टन कनेक्टही मुकाट परतला. तेव्हा जर्सी घ्यायचीच झाली तर नुसता नंबर छापून घ्या आणि नावाची जागा कोरी सोडा. दुकानदार दोनदा विचारेल, ‘नक्की?’ त्याला म्हणावं, ‘बोलणी चालू आहेत.’