कंट्रोल-झेडच्या नावानं चांगभलं

गोव्यातल्या लोटलीच्या मारिओ मिरांडा या व्यंगचित्रकाराकडे कंट्रोल-झेड, म्हणजे आत्ताच केलेलं मागे घेणारी कीबोर्डची कळ, नव्हती. शाई कागदावर उतरली की विषय संपला. तरीही त्यांच्या गर्दीच्या चित्रात बघावं तिथं माणूस, आणि प्रत्येकाचा उद्योग वेगळा. आम्हा डिजिटलवाल्यांकडे कंट्रोल-झेड आहे, सत्तावीस लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, आहेत, थरथरती रेषा गुळगुळीत करून देणारा स्टॅबिलायझर आहे, आणि चित्रात माणूस एकच आहे. त्याचेही दोन्ही हात खिशात, कारण हात काढता येत नाहीत.

शिकाऊ डिजिटल चित्रकाराची प्रगती मोजायची तर त्याची चित्रं बघू नयेत, कीबोर्ड बघावा, असं माझं ठाम मत आहे. झेडचं अक्षर जितकं पुसट, तितका माणूस अजून पहिल्याच रेषेवर. रेषा वाकडी गेली, पुसली. पुन्हा काढली, तितकीच वाकडी गेली, पुन्हा पुसली. कागदावर निदान पहिली चूक दुसरीच्या शेजारी बसून राहते आणि दोघी मिळून सांगतात, की बाबा रे, तू दर वेळी उजवीकडेच घसरतोयस. पडद्यावर पुरावाच नष्ट.

घसरतो तो मनगटामुळे. मनगट टेकवून पेन ओढलं की टोक मनगटाभोवती फिरणार, म्हणजे निघणार तो कंसच. बोटाएवढ्या रेषेत हे लपून जातं, वीतभर रेषेत उघडं पडतं. लांब रेषेला कोपर हलायला हवं, त्याहून लांबीला खांदा. पेन टॅबच्या, म्हणजे ज्या पाटीवर पेन फिरवून संगणकात रेषा उमटते तिच्या, किंचित वर धरून दोन-तीनदा हवेतच रेषा फिरवायची, मग न थांबता एका दमात ओढायची. चुकली तर तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी काढायची. हे सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात मात्र अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे जोडत नाक काढलं जातं आणि चेहऱ्यावर केसाळ सुरवंट चढल्यासारखा दिसतो.

अशा वेळी स्टॅबिलायझर आठवतो. तो वाढवला की रेषा पेनाच्या मागून रांगत येते आणि खरंच देखणी होते. फक्त वळणांबरोबर तो कोपरेही गुळगुळीत करतो, त्यामुळे चौकोनी खिडकीची चारही टोकं झिजून येतात. शेवटच्या शाईकामाला तो ठेवावा, सरावाला बंद. पांगुळगाड्यावर धावण्याची शर्यत कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

पण रेषेपर्यंत पोचायच्या आधी टॅबशी भांडण असतं. बिनपडद्याचा टॅब घेतला की हात खाली, डोळे वर; हा घटस्फोट पचवायला थोडे आठवडे लागतात, ते द्यावेत. पण गोल काढला आणि आडवा लंबगोल उमटला, तर दोष हाताला देऊ नका. छोट्या टॅबची जागा साधारण सहा बाय चार इंच असते आणि पडदा बहुधा सोळास-नऊ. सहा इंच पडद्याच्या पूर्ण रुंदीवर ताणले जातात, चार इंच उंचीवर, आणि दोन्हींचं प्रमाण जुळत नाही. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो. तो लावला की टॅबच्या खालची अर्धा इंचाहून थोडी जास्त पट्टी वाया जाते आणि गोल गोल होतो. पट्टी वाया जाते म्हणून हळहळून तो पर्याय बंद ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या चित्रांतले चेहरे कायम सुजलेले असतात.

विंडोजवर आणखी एक गंमत. रेषा सुरू करण्याआधी पेन क्षणभर टेकवून विचार केला, की टोकाभोवती एक कडं उमटतं आणि राइट क्लिकचा मेनू उघडतो. संगणकाला आपलं विचार करणं मंजूर नाही. कंट्रोल पॅनलमधल्या पेन अँड टचमध्ये जाऊन ‘प्रेस अँड होल्ड’ बंद करायचं. आणि दाबाप्रमाणे रेषा जाड-बारीक होणं अचानक थांबलं, तर टॅब मोडला म्हणून दुकान गाठू नका. आधी टॅबच्या सेटिंगमधला विंडोज इंकचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या पेन-व्यवस्थेचा, खटका उलटा करून बघा.

किती दाबाला किती जाड रेषा हे ठरवणारा सेटिंगमधला दाबाचा आलेखही पहिल्याच दिवशी बसवून घ्यावा. जाड रेषेसाठी पेन रेटावं लागत असेल तर आलेख मध्यभागी वर उचलायचा, म्हणजे थोड्या दाबात काम होतं. रेटारेटीत निब, म्हणजे पेनाचं बदलता येणारं टोक, एका बाजूनं झिजते, तिची कड धारदार होते आणि टॅबवर ओरखडे पडायला लागतात. निब चार पैशांची, टॅबचा पृष्ठभाग नव्हे. झिजली की चिमट्यानं ओढून बदलावी. लोक मात्र तीच निब सासऱ्यांनी दिलेल्या घड्याळासारखी जपतात.

जून ते सप्टेंबर गोव्यात हवेलाच घाम येतो. तळहाताची कड टॅबला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि कमानीची रेषा मध्येच गचका खाते. करंगळी आणि अनामिका झाकणारा ग्लोव्ह याच कामाचा. नसेल तर जुना सुती मोजा कापून चालतो. वीज जायचीच, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. नाहीतर पहिली सर आली की दुपारभराचं चित्र तिच्याबरोबर गटारातून मांडवीत.

ब्रश गोळा करण्याच्या व्यसनावर जास्त लिहीत नाही. फुकटातल्या क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीलाच इतके ब्रश असतात की नुसते चाळण्यात संध्याकाळ जाते. एक कडक गोल, एक मऊ गोल आणि एक खरबरीत, बस्स. मऊ ब्रशवर तर पहिले काही महिने बंदीच हवी. त्यानं कडेकडेला सावली फासली की माणूस फुगतो, पण उजेड कुठून येतोय ते कळतच नाही.

खरी परीक्षा घराबाहेर. पणजीत राहून फोंतेन्हास ही जुनी वस्ती काढायचा मोह कुणालाच आवरत नाही. पिवळ्या-निळ्या भिंती, पांढऱ्या चौकटी, लोखंडी कठडे, वर मंगळुरी कौलं. आणि पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांबचं लहान दाखवायचं गणित, जितका तिथं फसवतो तितका क्वचितच कुठे फसवत असेल. रस्ता चढाचा असतो. शिकाऊ माणूस एक लोपबिंदू, म्हणजे समांतर रेषा दूरवर मिळताना दिसतात तो बिंदू, धरतो आणि रस्ता, खिडक्या, छज्जे सगळं त्यालाच बांधतो. घरं अशी कलतात की आतल्या आजीनं भांडी धरून ठेवावीत. खरं तर चढ रस्त्याला आहे, घरांना नाही. गवंड्यानं खिडकीचा उंबरा पाणसळीनंच बसवलेला असतो, म्हणून त्या रेषा आपल्या डोळ्याच्या पातळीवरच्या क्षितिजावरच मिळतात. चढत्या रस्त्याच्या कडा मात्र क्षितिजाच्या वर मिळतात, उतरत्या रस्त्याच्या खाली. त्यात गल्ली वळलेली असली तर प्रत्येक घराची दिशा वेगळी, म्हणजे प्रत्येकाचा लोपबिंदू वेगळा; पण सगळे त्याच एका क्षितिजरेषेवर. म्हणून आधी क्षितिज आखून तो लेयर कुलूप लावून ठेवायचा, मग एकेक घर वेगळं उभं करायचं. सॉफ्टवेअरमध्ये लोपबिंदूचे मदतनीस असतात, पण बिंदू चुकीच्या जागी ठोकला तर तेही इमानेइतबारे चुकीचंच चित्र काढून देतात.

कौलं एकेक काढू नयेत. ओळींची दिशा आणि उतरणीची कड बरोबर असली की आठ-दहा कौलं पुरतात, बाकीची बघणाराच लावून घेतो. चारशे टक्के झूम करून प्रत्येक कौलावर शेवाळ चढवणारा कलाकार मागे सरकून बघतो तेव्हा दार खिडकीपेक्षा लहान झालेलं असतं. यावर उपाय म्हणजे त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडून कोपऱ्यात छोटी करून ठेवणं. काम इकडे, अक्कल तिकडे.

लेयरबद्दल एवढंच: नाव द्या. ‘लेयर १४ कॉपी कॉपी’वर कठडा आहे की मांजर, हे त्या क्षणी आठवतं, दुसऱ्या दिवशी नाही. तासभर रंगवून झाल्यावर कळतं की मांजराचा रंग भिंतीच्या लेयरवर आहे. बादलीनं रंग भरताना रेषेत केसाएवढी फट राहिली की रंग आभाळभर पसरतो. आणि भरलेल्या रंगाभोवती पांढरी किनार राहत असेल तर निवड एक-दोन पिक्सेलनं वाढवून भरावी.

आता हिरवा. श्रावणातलं शेत काढायचं म्हटलं की रंगचक्रावर जाऊन सगळ्यात टोकाचा हिरवा उचलला जातो आणि भातशेत रात्री उजेड देईल असं दिसतं. खऱ्या शेतात पिवळसरपणा बराच असतो आणि लांब जाल तसा हिरवा निळसर, फिका होतो. चिऱ्याच्या भिंतीचंही तेच. ‘चिरा तांबडा’ म्हणून तांबडा भरायचा नाही. सावलीतल्या ओल्या चिऱ्याच्या फोटोवर आयड्रॉपर, म्हणजे रंग उचलणारं साधन, ठेवून बघा, करडा-तपकिरी निघतो. तो तांबडा वाटतो तो शेजारच्या हिरव्यामुळे. सावलीसाठी खालचा रंग गडद करणाऱ्या मल्टिप्लाय लेयरवर काळा ओतणाऱ्यांना तर हात जोडावेत. उन्हातल्या सावलीत आभाळाचा निळा असतो, आणि खाली तांबडी माती असली तर हनुवटीखाली नारिंगी उजेड चढतो. रंग जमलेत की नाही कळत नसेल तर सगळ्यांच्या वर काळ्या रंगाचा एक लेयर ‘कलर’ मोडमध्ये टाका. चित्र कृष्णधवल होईल, आणि तिथं नाक गालात हरवलं असेल तर रंग बदलून काही होणार नाही, उजेड-अंधारच चुकलाय.

क्रिटामध्ये एम दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. मनोधैर्य उंच असतानाच दाबावं. सवयीच्या नजरेनं लपवलेला सगळा तिरकेपणा एका झटक्यात समोर येतो. एक डोळा गालावर उतरलेला, जबडा शेजारच्या वाड्याकडे निघालेला. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात आणि दोहोंत एका डोळ्याएवढं अंतर, हे तेव्हा आठवतं. बहुतेकांनी ते कपाळावर काढलेले असतात.

आणि ते खिशातले हात. तळवा म्हणजे साधारण चौकोन. मागून बघितलं तर मधलं बोट मुठीच्या उंचवट्यापासून टोकापर्यंत जवळजवळ निम्मा हात होतं, आणि बोटांमधली बेचकी तळव्याच्या बाजूनं बोटं आखूड दाखवते. एवढं कळलं तरी खिसा अर्धा रिकामा होतो. उरलेल्यासाठी रायबंदर-चोडण फेरीबोटीवर उभं राहावं. फेरीत माणूस स्कूटर धरून पलीकडचा काठ येईपर्यंत जवळजवळ हलत नाही. असे आयते मॉडेल कलाशाळेतही मिळत नाहीत, वर ते मोबाइलमध्ये इतके गढलेले असतात की आपण बघतोय हे त्यांच्या गावीही नसतं. तिथं छोटी वही न्यावी. वहीत कंट्रोल-झेड नाही.

एवढं करून चित्र जमलं की शेजारच्या काकी म्हणतात, “कंप्युटरच काढतो न्हय रे सगळं?” हल्ली त्यात भर, “एआयवर केलंस?” तरी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की पहिली मागणी त्यांचीच: माटोळीखाली, म्हणजे फळापानांच्या टांगलेल्या चौकटीखाली, बसलेला गणपती, आरतीच्या पत्रकासाठी, “दोन मिनिटांचं तर काम.” हो म्हणायचं असेल तर आधी आकार विचारा. ए-फोर कागद ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो. हजार पिक्सेलवर काढलेला गणपती तिथं ताणला की सोंडेच्या कडा भुरकट होतात. छापखान्याचा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचा, प्रोफाइल मागून पडद्यावर आधीच बघून घ्या, कारण तो झळाळता हिरवा आणि गडद निळा शाईत उतरत नाहीत, आणि छापून आल्यावर माटोळीतली कोवळी पानं चार दिवसांनंतरची दिसतात.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर वाटेतच दाबून तिचा चुरा होतो. काकींना हे नीट समजावून सांगावं. त्या मान डोलावतात, डॉक्युमेंट उघडतात, त्याचा स्क्रीनशॉट काढतात, सोंडेवर गुलाबी अक्षरांत ‘शुभ सकाळ’ टाकतात आणि तेवढाच छापखान्याला पाठवतात.